परवानगीची वाट

सोलापूरच्या कोर्टात ईश्वर तळभंडारे वकिलांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्यांच्याकडे मोठं काम घेऊन येणारा माणूसही नव्हता. जामीन, पोटगी, भाडेकरूचं भांडण, गिरणीतून काढून टाकलेल्या कामगाराचा अर्ज, असलं काहीबाही त्यांच्या वाट्याला यायचं. वडील गिरणीत कताईखात्यात खपलेले. ईश्वरला सनद मिळाली तेव्हा सगळ्या वस्तीनं हार घातले होते. हार सुकले आणि ईश्वरराव सीनियर शोधायला निघाले.

वकिली पुस्तकात वाचून येत नाही. ती मोठ्या वकिलाच्या ऑफिसात बसून, त्याच्या शिव्या खाऊन, त्याच्या मागून कोर्टात जाऊन येते. आणि त्या काळात मोठ्या वकिलांची ऑफिसं त्यांच्या घरातच असायची. पुढच्या खोलीत टेबल, भिंतीला कायद्याची कपाटं, आतून येणारा चहा. ज्युनियर म्हणजे घरात ये-जा करणारं पोरच. ईश्वररावांचं घोडं तिथंच, जातीवर, अडलं. "माझं काही नाही हो," एक वकील त्यांना दारातच म्हणाले होते, "पण घरात वडीलधारी माणसं आहेत." दुसऱ्यानं जागा नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं दिवाळीनंतर बघू म्हटलं, आणि अशा कितीतरी दिवाळ्या गेल्या.

मग ते एकटेच उभे राहिले. एका विधवेचं अपील त्यांनी मुदत उलटल्यावर दाखल केलं. निकालाची नक्कल हातात पडल्यापासून मुदत मोजायची असं ते समजून बसले होते, आणि तसं नसतं हे सांगायला त्यांच्या डोक्यावर कुणी नव्हतं. बाईचं घर गेलं. पुढं कित्येक वर्षं ते तिच्या गल्लीतून गेले नाहीत. जज्जाच्या परीक्षेला बसायचं म्हणजे तीन वर्षं खरोखरची वकिली लागायची. ती चाचपडत, ठेचकाळत पदरात पडली तोवर त्यांचं वय उलटून गेलं होतं.

आपलं झालं ते झालं, पण पोरांचं तसं होऊ नये, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. एकाहत्तर साली त्यांनी घरी रविवारचा वर्ग सुरू केला. लॉ कॉलेजात शिकणारी, वसतिगृहात राहणारी बौद्ध, मातंग, धनगरांची पोरं यायची. दोन खोल्यांचं घर. मीनाबाई, त्यांची बायको, सकाळीच चूल उरकून शेजारणीकडे जाऊन बसायची, म्हणजे पोरांना आतली खोलीही मिळायची. वकील शिकवायचे चांगलं. कलम सांगून सोडून द्यायचे नाहीत, वस्तीतलंच एखादं भांडण घ्यायचे आणि दोन्ही बाजू पोरांकडून मांडून घ्यायचे. पोरं पास व्हायची, आणि एकेक करून पोस्टात, विम्यात, कचेरीत चिकटायची. वकील त्यांना बोल लावत नसत. घरी खाणारी तोंडं असली की कोण तीन वर्षं बिनपगारी बसणार? पण जिल्ह्यात एकाही न्यायासनावर आपल्यातला माणूस नाही, ही गोष्ट त्यांना जेवताना आठवली तरी घास फिरायचा.

त्या वर्गात नागनाथ आला. मंद्रूपच्या बाजूच्या एका खेड्यातला, बौद्ध वस्तीतला. बाप लहानपणीच गेलेला, आई भीमाबाई मजुरी करायची. पोरगा मराठी बोलायचा तितक्याच सहज कानडी बोलायचा. बोलायचा मात्र कमीच. पहिल्यांदा त्याला वकिलांनी एका भांडणाची बाजू मांडायला सांगितली, तेव्हा त्यानं आधी समोरच्याची बाजू मांडली, समोरच्यापेक्षा चांगली, आणि मग ती एकेक विटेनं उतरवून ठेवली. त्या दिवशी पोरं गेल्यावर वकील मीनाबाईला म्हणाले, "हा जज्ज होणार."

"तुमी म्हनल्यावर झालाच की," ती म्हणाली.

बाहत्तरच्या शेवटी नागनाथला बँकेच्या नोकरीचा हुकूम आला. दुष्काळ होता. भीमाबाई खडी फोडायच्या कामावर जात होती. नागनाथ हुकूम घेऊन वकिलांकडे आला, तो सल्ला विचारायला नव्हे, पेढा द्यायला. वकिलांनी पेढा हातात धरला आणि तसाच ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी कोर्टाचं काम दुसऱ्यावर सोपवून ते एसटीनं त्याच्या गावी गेले.

भीमाबाई रस्त्याच्या कडेला डोक्यावर फडकं टाकून बसली होती. वकिलांना बघून तिनं हातोडी बाजूला ठेवली, हात जोडून जयभीम केला. वकील तिच्यासमोर खडीच्या ढिगावरच टेकले आणि त्यांनी बँक सोडून पोरानं वकिली का करावी ते सगळं सांगितलं.

"ब्यांकेत म्हैन्याच्या म्हैन्याला पगार हाय की?" तिनं विचारलं.

"हाय."

"आन् तुमच्या कामात?"

"तीन वर्सं काय न्हाय. मग परीक्षा. पास झाला तर जज्ज."

"जज्ज म्हंजे त्यो वर बसतोय त्यो?"

"व्हय."

"मग आमचा रुद्रप्पा पाटील त्याच्याम्होरं हुबा ऱ्हाईल?"

"कामच पडलं तर ऱ्हावंच लागंल की."

ती जरा हसली. ज्या माणसाच्या रानात तिची सासू, नवरा आणि ती स्वतः राबली होती, त्याला उभं राहिलेलं ती मनात बघत असावी. "मग बसू द्या त्याला," ती म्हणाली. "मी हितं फोडतीच हाय खडी. आनी तीन वर्सं फोडीन."

नागनाथनं नोकरी सोडली. वकिलांचं मन भरून आलं. त्या भरात त्यांना दुसरं काही दिसलं नाही.

सीनियर मिळाला तो योगायोगानं. महादेवप्पा वकील दिवाणी कामातले नावाजलेले. जिल्ह्यातले जमिनीचे निम्मे दावे त्यांच्याकडे. शिवभक्त माणूस, कपाळाला विभूती, बोलणं मऊ. एका सभेत ते तासभर बोलले की शरण संतांनी जात कधीच मोडीत काढली, कायक म्हणजे घामाचं काम करणारा तो मोठा, बाकी सगळं झूट. तळभंडारे वकील मागच्या रांगेत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नागनाथला घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले.

"काल तुमचं भाषण ऐकलं, साहेब."

महादेवप्पा वकिलांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. दोघं कशासाठी आलेत ते त्यांना कळलं. पण ते भाषण त्यांनी खोटं केलं नव्हतं, आणि आपण खोटं बोललो नाही हे त्यांना स्वतःलाही दाखवायचं होतं. "पाठवून द्या की," ते म्हणाले. "उद्यापासनं येऊ दे."

त्र्याहत्तर सालातली ही गोष्ट. पुढचे काही दिवस तळभंडारे वकील कोर्टाच्या आवारातून असे चालायचे की जणू त्यांनाच सीनियर मिळालाय.

नागनाथची बसायची जागा व्हरांड्यात होती. कायद्याची पुस्तकं मधल्या खोलीत, देवघराला लागून. महादेवप्पांची म्हातारी आई पार्वतम्मा तिथंच बसून असायची. तिला मराठी येत नव्हतं. पोरगा कानडी बोलतो म्हटल्यावर तिला आनंद झाला. रोज दारातून विचारायची, "ऊट आय्तेनू?" जेवलास का? एक दिवस तिनं गाव विचारलं, घराणं विचारलं. त्यानं सांगितलं. म्हातारी काही वाईट बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्याचा चहा काचेच्या पेल्यात येऊन व्हरांड्याच्या कोनाड्यात राहू लागला, आणि पेला त्यानंच विसळून ठेवायचा असं आपोआप ठरून गेलं. पुस्तक लागलं तर कारकुनाला सांगायचं. त्याला सवड झाली की तो आणून द्यायचा.

नागनाथनं हे रविवारी वकिलांना सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, विचारलं म्हणून.

"महादेवप्पांना माहीत आहे?"

"ते बघत नाहीत, सर."

वकील म्हणाले, "तीन वर्षं. ओठ शिवून बस. एकदा वर बसलास की हे सगळे पेले विसरशील."

तो ओठ शिवून बसला. दावे लिहायचा, कैफियती लिहायचा. महादेवप्पा त्यावर क्वचितच लाल पेन्सिल फिरवायचे. कोर्टात भेटले की स्वतःहून थांबून तळभंडारेंना सांगायचे, "पोरगा हुशार आहे हो तुमचा. लिहितो बघा कसं." पण कोर्टासमोर उभं राहू देत नव्हते. पक्षकारांना चालणार नाही, म्हणायचे. हळूहळू देऊ. इकडं दुष्काळी कामं बंद झाली. भीमाबाई पुन्हा दुसऱ्याच्या रानात जाऊ लागली.

पंचाहत्तरच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी, रविवार नसताना, नागनाथ वकिलांच्या घरी आला. बसला नाही. चौकटीला टेकून उभा राहिला.

"सर, ऑफिसात माझ्या गावचं एक काम आलंय."

वकिलांनी हात वर केला. "पक्षकाराचं बाहेर बोलायचं नाही. पहिला धडा काय दिला होता तुला?"

"तेच, सर. पण हे काम मी लिहावं का?"

"सीनियरनं दिलंय?"

"हो."

"मग लिहायचं. उद्या जज्ज झालास तर हे माझं गाव, ते तुझं गाव, असं करशील? दोन्हीकडचं लिहिता आलं पाहिजे." मग जरा समजुतीनं म्हणाले, "आता नाही म्हणालास तर अडीच वर्षं पाण्यात जातील. थोडं राहिलंय."

नागनाथनं मान डोलावली. मीनाबाई चहा घेऊन आली तोवर तो गेला होता.

महिन्याभरानं त्याच गावचे चारसहा जण कोर्टाच्या नोटिसा घेऊन तळभंडारे वकिलांकडे आले. पुढं येडू नावाचा म्हातारा, वस्तीतला सगळ्यात जुना. दुष्काळात सरकारनं गायरानात विहीर पाडली होती, वस्तीला तिचंच पाणी. विहिरीची वाट रुद्रप्पा पाटलाच्या बांधावरून. आता पाटलानं दावा लावला होता की त्या बांधावरून जायचा वस्तीला काही हक्क नाही, आणि निकाल लागेपर्यंत मनाई द्यावी. पाटलाचे वकील महादेवप्पा.

"बापजाद्यापासनं जातोय आमी तितनं," येडू म्हणाला. "पूर्वी मसनवटीकडं जायची वाट तीच. आता हिरीकडं."

"मग भ्यायचं कारण नाही," वकील म्हणाले. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट हा हक्कच होतो. त्यांनी दाव्याची प्रत चष्मा पुसून वाचायला घेतली.

पहिलं पान संपता संपता त्यांना अक्षराआडचा माणूस ओळखू आला. टंकलेखन कुणाचंही असो, वाक्यं त्यांच्याच वर्गातली होती. आधी समोरच्याचं सगळं म्हणणं मान्य केलेलं. होय, वस्तीतली माणसं त्या बांधावरून जात आली आहेत, कित्येक पिढ्या. पण कशी? बांधावर पाय ठेवण्याआधी लांब उभं राहून हाळी घालायची, मालकानं किंवा त्याच्या गड्यानं या म्हटल्यावरच पुढं व्हायचं. कुणी नसलं तर थांबायचं. म्हणजे ही वहिवाट हक्कानं झालेली नाही, दर वेळी परवानगीनं झालेली आहे. आणि परवानगीनं कितीही वर्षं चाललं तरी त्याचा हक्क होत नाही. हे शेवटचं वाक्य तर त्यांनी स्वतः, त्याच खोलीत, पोरांकडून पाठ करून घेतलं होतं.

त्यांनी कागद खाली ठेवले. "हाळी घालायचं काय आहे हे?" त्यांनी विचारलं.

"त्ये तर हाय की," येडू सहज म्हणाला.

मनाईच्या अर्जाची सुनावणी झाली त्या दिवशी नागनाथ महादेवप्पांच्या मागं फायली घेऊन बसला होता. तळभंडारे वकिलांनी जीव तोडून मांडलं. ही परवानगी नव्हेच, ही अस्पृश्यता होती, माणूस भिऊन हाळी घालत होता, आणि घटनेनं जी गोष्ट गाडून टाकली तिच्यावर कुणाला आज दावा उभा करता येणार नाही. जज्ज तरुण होते, सभ्य होते, ऐकून घेत होते. "मुद्दा महत्त्वाचा आहे," ते म्हणाले, "पण त्याला पुरावा घ्यावा लागेल. आत्ता एवढंच सांगा, विचारून जात होते हे तुम्ही नाकारता?"

वकील कागद चाळू लागले. जज्जांची नजर मागं उभ्या असलेल्या येडूवर गेली. "तुम्ही सांगा आजोबा. तसंच जात होता, की विचारून?"

येडूनं हात जोडले. आयुष्यात कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढलेला तो माणूस, आणि खरं बोलायचं एवढंच घोकून आलेला. "इचारूनच की, सायेब," तो म्हणाला. "इचारल्याबिगर पाय कसा टाकायचा?"

मनाई मिळाली. दाव्याचा निकाल लागेपर्यंत वस्तीनं त्या बांधावर जायचं नाही.

बाहेर जिन्यावर महादेवप्पा भेटले. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, हेच वाईट. "बघितलंत का ड्राफ्ट? एक शब्द माझा नाही. मी नुसतं विचारलं, तू तिथलाच आहेस, तिथं वहिवाट कशी होती? त्यानं खरं ते सांगितलं. मग म्हटलं, लिही." ते थांबले. "खोटं तर काही लिहायला लावलं नाही मी त्याला, तळभंडारे. त्याला तीन वर्षांचा दाखला हवाय ना, माझी शिफारस चांगली जाईल. हा माणूस जज्ज होईल बघा."

खाली नागनाथ फायली छातीशी धरून उभा होता. येडू आणि बाकीची माणसं त्याच्या जवळून गेली, आणि एकानंही त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं, असं वकिलांना वाटलं.

आठवड्याभरात भीमाबाई सोलापूरला आली, थेट वकिलांच्या घरी. मीनाबाईनं पाणी दिलं. ते तिनं तोंडाला लावलं नाही, हातातच धरून बसली.

"बाया आता वढ्याला वळसा घालून जात्यात पान्याला," ती म्हणाली. "मी बी जाती. माझ्यासंगं कोन बोलत न्हाय. त्यानंच लिव्हलं व्हय, वकीलसाहेब?"

"व्हय."

"मीच सांगितलेलं त्याला. ल्हान हुता, पळत सुटायचा बांधावनं. म्हनलं, बाबा, आदी हाळी घालावी, न्हायतर मारत्यात." ती पाण्याकडं बघत राहिली. "त्यानं ध्यानात ठिवलं."

वकिलांना वाटलं तिनं आपल्याला काहीतरी बोलावं. नोकरी तुम्ही सोडायला लावली, तुम्ही लिही म्हणालात, असं. तिला त्यातलं दुसरं माहीत नव्हतं. त्यांनी सांगून टाकलं. "माझ्याकडं आला होता तो. मी त्याला पुरतं बोलूच दिलं न्हाय."

तिनं ऐकलं. "तुमी शिकल्याली मानसं," एवढंच म्हणाली, आणि उठली.

नागनाथ महादेवप्पांच्या ऑफिसात पुन्हा गेला नाही. वसतिगृहाच्या मित्राकडे ठेवलेली पेटी घेऊन तो कुठं गेला ते बरेच दिवस कळलं नाही. महादेवप्पांनी दोनदा निरोप पाठवला. पुस्तकं आता त्याला आत येऊन घेऊ देऊ, म्हणाले, आमची आई राहिली नाही आता.

रविवारचा वर्ग चालू होता, पण वकिलांच्या शिकवण्यातलं पाणी गेलं. भांडण घेऊन दोन्ही बाजू मांडून घेण्याचा खेळ त्यांनी बंद केला. नुसती कलमं सांगायचे. दाव्यात तारखांवर तारखा पडत राहिल्या. येडू पुराव्याला उभा राहण्याआधीच वारला.

अठ्ठ्याहत्तर साली कुणीतरी सांगितलं की नागनाथ श्रीपूरला साखर कारखान्यात आहे, उसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर. परीक्षेला बसायची त्याच्या वयाची सवड अजून होती. सनद होती, राहिलेले काही महिने वकिलांच्याच नावाखाली भरून काढता आले असते. वकील त्याला गाठायला श्रीपूरला गेले.

हंगाम होता. गेटाबाहेर बैलगाड्यांची रांग लागली होती, ऊसतोडीची माणसं गाडीखाली सावलीला पडली होती. नागनाथ काट्याच्या खोपटातून बाहेर आला. अंगानं भरला होता. वाकून पाया पडला, कॅन्टीनमधून चहा मागवला. भीमाबाई त्याच्यापाशीच राहत होती. तिला बरं नव्हतं.

वकिलांनी येण्याचं कारण सांगितलं. तो ऐकून घेत होता, मध्येच उठून एखाद्या गाडीवानाला हात करत होता.

"सर, तुम्ही शिकवलंत त्यातलं मी काही विसरलो नाही," शेवटी तो म्हणाला. "तिथंच घोटाळा आहे. तो दावा आज माझ्यासमोर आला तर मीही मनाईच देईन. त्या जज्जांचं काय चुकलं?"

"मुद्दा लावून धरता येईल. वरच्या कोर्टात..."

"येईल. कुणीतरी धरेल." तो नरमाईनं बोलत होता, म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं. "पण मला वर बसून ते नाही लिहायचं. एकदा खाली बसून लिहिलं."

"मग आपल्यातलं कुणीच बसायचं नाही का तिथं?"

बाहेर गाडीवानांनी ओरडा सुरू केला, काटा थांबला होता. नागनाथ उठला. "आईला भेटून जाता का?" त्यानं विचारलं.

वकिलांना धीर झाला नाही. एसटीची वेळ झाली म्हणाले. एसटीला अजून बराच वेळ होता. ते स्टँडवर जाऊन बसले.

पुढच्या रविवारी तीन पोरं आली. त्यात एक मुलगी होती, वस्तीतली पहिली लॉ करणारी. वकिलांनी त्यांना बसवलं आणि वर्ग आता बंद करतोय म्हणून सांगितलं. प्रकृतीचं कारण दिलं. पोरं उठून जायला निघाली. मुलगी मागं राहिली. परीक्षा झाली की जज्जाच्या पदासाठी तयारी करायची म्हणाली, आणि त्यासाठी सोलापुरात सीनियर म्हणून कुणाकडे जावं, एखादं नाव सांगा, म्हणाली.

मीनाबाई दारात थांबली होती. तिला वाटलं, आता हे नेहमीसारखे सदरा चढवतील आणि कुणाच्या तरी दाराला जायला निघतील. ते बसूनच राहिले. एकेक वकील त्यांनी मनातल्या मनात तपासला. सगळं कोर्टाचं आवार धुंडाळून झालं. मुलगी वाट बघत होती, आणि त्यांच्याकडे सांगायला नाव नव्हतं.